दर चुलीला एक मत

आमच्या गावच्या जमातीत मत माणसाला नसतं, चुलीला असतं. एका घरात दोन चुली पेटत असतील तर दोन मतं, आणि चार भाऊ एकाच चुलीवरचं खात असतील तर चौघांत मिळून एक. रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं गाव, त्यातला आमचा मोहल्ला, आणि सरकारी निवडणुकीच्या आधी मोहल्ल्यानं आपापसात घ्यायची ही निवड. ग्रामपंचायतीला आपल्यातलेच दोघं-तिघं उभे राहिले की मतं फुटतात आणि सगळेच पडतात. म्हणून जमात आधी आपल्यात मतं घेऊन एक नाव ठरवते आणि बाकीचे मुकाट्याने माघार घेतात. कायद्याच्या कुठल्या पुस्तकात हे सापडणार नाही. पण सरकारी मतदानाच्या दिवशी आमच्याकडे कुणी फारशी धावपळ करत नाही, कारण जे व्हायचं ते महिनाभर आधी होऊन गेलेलं असतं.

मशिदीचं छप्पर, कब्रस्तानाची भिंत, शाळेच्या दोन खोल्या हे सगळं आखातातल्या पगारांवर उभं राहिलं, म्हणून आखातातल्या चुलींनाही मत आहे. चूल गावात पेटते, पेटवणारी बायको गावात असते, पण जमातीच्या वहीत नाव नवऱ्याचं, म्हणून मत दुबईहून यायचं. बायकोला विचारायचं की नाही, ते नवऱ्यानं ठरवायचं. वीस वर्षं मी हे बघत आलो आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

पाच वर्षांपूर्वी सरपंचपद महिलांसाठी राखीव निघालं. मोहल्ल्यातून दोन नावं पुढे आली. एक होती कंत्राटदाराची बायको. गावात नळयोजनेचं काम त्याच कंत्राटदारानं घेतलं होतं. पाइप टाकले, नळ बसवले, नारळ फुटला, फोटो निघाले आणि दोन वर्षं झाली तरी नळाला पाणी आलं नव्हतं. बायका अजून पलीकडच्या वाडीतल्या विहिरीवर जात होत्या. दुसरं नाव होतं आमच्या अंगणवाडीतल्या भाबीचं. ती विधवा. तिचा नवरा इथेच दुबईत, जबल अलीच्या एका लेबर कॅम्पात, रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही.

त्याचे कागद मी केले होते. मी जबल अलीला एका कंपनीत डॉक्युमेंटेशन बघतो. म्हणजे कंटेनर बंदरातून सुटायला जेवढे म्हणून कागद लागतात ते जमवणं, तपासणं आणि एकाही कागदावर सही राहिली असेल तर तो तोंडावर परत मारणं. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. पण माणसाचं शव घरी पाठवायलाही असलाच खडूस माणूस लागतो. चार दिवसांत तो गावी पोचला. तेव्हापासून भाबी मला भाईजान म्हणते.

ती उभी राहिली तेव्हा तिनं मला फोन केला. फार बोलली नाही. म्हणाली, "भाईजान, गावातल्या चुली मी बघते. तिकडच्या तुमी बघा."

तिकडच्या म्हणजे इथल्या, माझी सोडून त्रेचाळीस. अल कुसैस, शारजा, अजमान, जबल अली, दोन-चार अबुधाबीला. माझ्याबरोबर आणखी एकच जण हे काम करणारी होती. ऊद मेथाच्या एका भारतीय शाळेत शिकवणारी बाई, आमच्याच गावची मुलगी, भाबीची वर्गमैत्रीण. तिचं लग्न मुंबईच्या माणसाशी झालेलं, म्हणजे गावात तिची चूल नाही आणि मतही नाही. ती शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये बसून एकेकाला फोन लावायची आणि मग मला ऐकवायची, की ज्यांना सकाळी डबा कुणी भरला ते ठाऊक नसतं त्यांची मतं मी गोळा करते आणि माझं स्वतःचं एकही नाही. मी म्हणायचो, मॅडम, यल्ला, पुढचा नंबर.

इथे सभा घ्यायची सोय नाही. या देशात आपल्याकडच्या राजकारणासाठी दहा माणसं जमवायची नसतात, हे विमानतळावर उतरल्यापासून प्रत्येकाला कुणी ना कुणी सांगतच असतं. म्हणून आमचं सगळं फोनवर, नाहीतर एकेकाला गाठून. आणि म्हणूनच ती आवाजाची पद्धत निघाली. ती मी काढली.

त्याचं असं झालं, की मागच्या निवडीला आखातातली मतं एका माणसानं कागदावर लिहून, फोटो काढून पाठवली होती. नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं, की त्यातले दोघे वारलेले होते. मोठा गोंधळ झाला. या वेळी मी जमातीच्या सेक्रेटरीला सुचवलं, की प्रत्येकानं व्हॉट्सॲपवर स्वतःच्या आवाजात मत पाठवावं. आपलं नाव, वडिलांचं नाव, घराणं आणि मत कुणाला. आवाजाची नक्कल कोण करणार? सेक्रेटरी म्हणजे पोस्टातून रिटायर झालेला सज्जन माणूस. त्याला ते फार पटलं. मी विचारलं, ऐकणार कोण? तो म्हणाला, बंद खोलीत मी आणि दोन बुजुर्ग, आकडे लिहून घेऊ आणि सगळं डिलीट. मी म्हटलं, ठीक.

मी आणखी एक शहाणपण केलं. नुसतं नाव घेतलं तर म्हणतील कुणी समोर कागद धरून वाचून घेतलं. म्हणून मी सगळ्यांना सांगितलं, की मत का देताय त्याचं एक कारणही आपल्या भाषेत बोला. ही माझी कल्पना. मला तिचा अभिमान होता, हे नाकारत नाही.

बेचाळीस जणांचं काय ते फोनवर कळलं. काहींनी आम्हाला हाकललं, काहींनी इन्शाल्ला म्हणून टोलवलं, काहींनी शब्द दिला. त्रेचाळिसाव्यासाठी मी तीन रविवार जबल अलीच्या कॅम्पात गेलो.

तो गवंडी. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, हातापायाने दणकट आणि बोलायला अगदी कमी. सही करता यायची, वाचता येत नव्हतं. भाबीचा नवरा वारला तेव्हा हा त्याच खोलीत, वरच्या बंकवर होता. त्याला सकाळी हलवून बघणारा हाच, शेवटची अंघोळ घालायला उभा राहिलेलाही हाच. भाबीला मत द्यायचं त्याच्या मनात होतं, पहिल्या रविवारीच ते मला दिसलं. शिवाय त्याच्या मोठ्या मुलीला सातवीतून काढून घरी बसवलं होतं, तेव्हा भाबीनं घरी जाऊन भांडून तिला परत शाळेत घातलं होतं. मुलगी आता दहावीला होती, हे त्यानं मला दोनदा सांगितलं.

पण त्याचा मोठा भाऊ कंत्राटदाराच्या कामात होता. पाइप टाकायला माणसं त्यानंच पुरवली होती. आणि दोघं भाऊ एकाच घरात राहायचे, दोन चुली करून. घर गवंड्याच्या कमाईतून बांधलेलं, पण बांधताना हा इथे आणि भाऊ तिथे, त्यामुळे जागा आणि घरपट्टी सगळं भावाच्या नावावर. दुबईतले टॉवर बांधलेला माणूस, आणि गावातल्या स्वतःच्या घरात कागदावर भाडेकरूसुद्धा नाही. माझ्यासारख्या कागदवाल्याला हे ऐकूनच राग आला. मी त्याला तिथल्या तिथे झापलं. तो हसला आणि म्हणाला, भाऊ हाय तो.

दुसऱ्या रविवारी तो फक्त ऐकत राहिला. कॅम्पाच्या जेवणाच्या हॉलबाहेर आम्ही उभे होतो आणि वॉचमन मला विचारून गेला, "साब, कितना टाइम?" मी घरी आलो तेव्हा बायकोनं हिशेब काढला, मेट्रोनंतरची टॅक्सी जाऊन-येऊन ऐंशी दिरहम, म्हणजे जवळजवळ दोन हजार रुपये, एका मताला. तिनं हेही विचारलं, की तुम्हाला जिंकण्यापुरती मतं आहेत ना, मग त्याच्या मागे का लागलात? यादीत बेचाळीस नावांसमोर खूण झाली होती, कुणी आपला, कुणी त्यांचा. एकाच नावासमोरची जागा रिकामी होती. रिकामी जागा मला बघवत नाही. खरं कारण एवढंच होतं.

तिसऱ्या रविवारी मी भाबीच्या नवऱ्याचा विषय काढला. म्हटलं, तो असता तर तुमचं मत त्याला मागावं लागलं असतं काय? हे बोलणं बरं नव्हतं. बोलताना मला कळत होतं. गवंडी बराच वेळ चपलेनं वाळू सारखी करत राहिला. मग त्यानं एकच विचारलं.

"कुणाला कळणार नाय ना?"

"कोणाला नाही," मी म्हणालो. "बंद खोलीत तिघं ऐकणार. मग खलास. माझ्यावर सोडा."

त्यानं फोन माझ्या हातात दिला. नंबर मी काढून दिला, बटण तो स्वतः दाबून बोलला. नाव, बापाचं नाव, घराणं, मत भाबीला. आणि मग मी सांगितलं होतं म्हणून कारण. "पायपात पाणी नाय. हे माज्या भावाला पण ठावं हाय. माजी बायको दोन मैलावरना पाणी आणताय."

इतकं छान कारण बेचाळिसांतल्या कुणी मला फोनवर सांगितलं नव्हतं. मी ते त्याच्यासमोर पुन्हा एकदा लावून ऐकलं आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. परत येताना मेट्रोत मी खूश होतो. यादी पुरी झाली होती.

निवडीचा दिवस शुक्रवारचा होता. गावात जुम्म्याची नमाज झाल्यावर जमातीच्या हॉलमध्ये सगळे बसले. इथे माझी हाफ-डे सुट्टी, मी घरी आलो होतो. शाळेतली बाईही ऊद मेथाहून आमच्याकडे आली, म्हणजे निकाल एकत्र ऐकता येईल. गावातल्या एका पुतण्यानं व्हिडिओ कॉल लावून फोन खिडकीत टेकवून ठेवला होता. आम्हाला हॉलचा अर्धा भाग, पंखा आणि बुजुर्गांच्या टोप्या दिसत होत्या. पहिल्या रांगेत माझे वडील बसले होते, भिंतीला पाठ लावून.

गावातल्या चिठ्ठ्या मोजून झाल्या. मग सेक्रेटरी फोन घेऊन आतल्या खोलीकडे निघाला आणि कंत्राटदाराच्या बाजूचा कुणीतरी उठला. म्हणाला, मागच्या वेळी मेलेल्यांनी मतं दिली, या वेळी दारामागे काय होईल? आम्हालाही ऐकू दे. बसल्या जागेवरून चार-पाच जणांनी हो हो केलं. आणि वाईट म्हणजे आमच्या बाजूच्यांनीही केलं, कारण आपण जिंकतोय हे त्यांना माहीत होतं. लपवायचं काय, असं कुणी तरी म्हणालं.

सेक्रेटरीनं दारात उभं राहून इकडेतिकडे बघितलं. मी या बाजूला ओरडत होतो, की असं ठरलं नव्हतं. पण खिडकीतला फोन म्यूट होता. बाईनं पुतण्याला मेसेज टाकला, दुसऱ्या फोनवरून रिंग दिली. तो पुढे जाऊन बसला होता. सेक्रेटरीनं फोन मायकापाशी धरला.

चाळीस वर्षांच्या नोकरीत सही-शिक्क्याशिवाय पाकीट न सोडणारा तो माणूस, आणि सहीशिवाय कंटेनर न हलवणारा मी. आमच्या दोघांत हे सगळं तोंडी ठरलं होतं. एक साधा कागद, जमातीच्या लेटरहेडवर तीन ओळी, मला मागता आल्या असत्या. गावचा माणूस आहे, त्याच्याकडे काय लेखी मागायचं, असं मला वाटलं. आपल्या माणसाकडे लेखी मागणं म्हणजे त्याचा अपमान, असं आम्ही सगळेच मानतो. गवंड्यानंही घराच्या बाबतीत तेच मानलं होतं आणि मी त्याला त्यावरून झापलं होतं.

एकेक आवाज यायला लागला. लोक हसत होते, ओळखत होते, हा तर अमक्याचा पोरगा, आवाज बघ किती जाड झालाय. माझाही आवाज आला, वडिलांची चूल वहीत माझ्या नावावर आहे. मग गवंड्याचा आला. कॅम्पातल्या हॉलचा गलका मागे ऐकू येत होता. मत भाबीला, इथवर कुणी काही बोललं नाही. मग पाइप आला, मग भाऊ आला, मग पाणी आणणारी बायको आली.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. चित्राच्या कडेला एक माणूस उठला, चपला न घालता हातात घेतल्या आणि दाराबाहेर गेला. तोच भाऊ होता. पुढचा आवाज सुरू झाला.

भाबी निवडली गेली. एकोणीस मतांनी. बाई माझ्याकडे बघत होती आणि मी यादीकडे. गवंड्याचं मत नसतं तर अठरा मतांनी निवडली गेली असती.

त्याच दिवशी संध्याकाळच्या आत भावानं गवंड्याच्या बायकोच्या स्वयंपाकघराला कुलूप घातलं. म्हणाला, चूल वेगळी, मत वेगळं, तर घरही वेगळं बघा. ती दोन्ही मुलींना घेऊन खाडीपलीकडे आईकडे गेली. तिथे एक खोली आणि भावजयीचं राज्य. शाळा अलीकडे, आणि तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, भरती-ओहोटीच्या हिशेबानं सुटणारी. मोठी मुलगी दहावीत होती हे मी वर सांगितलंच आहे.

मी भाबीला फोन केला. तिला सगळं कळलं होतं, ती भावाकडे दोनदा जाऊनही आली होती. पहिल्यांदा त्यानं दार उघडलं नाही, दुसऱ्यांदा चहा दिला आणि सांगितलं, की सरपंच झालात की गावाचं बघा, माझ्या घरात येऊ नका. तिनं तलाठ्याकडे चौकशी केली. कागद भावाच्या नावावर, कुणी काही करू शकत नव्हतं. मला ती काही लागेल असं बोलली नाही. एवढंच म्हणाली, की ते बंद खोलीत ऐकणार होते ना, भाईजान?

दोन आठवड्यांनी गवंडी स्वतः अल कुसैसला आला. तो आमच्या घरी कधीच आला नव्हता. बसने, मग चालत, हातात केळ्यांची पिशवी. बायकोनं जेवायला थांबवलं. जेवण झाल्यावर त्यानं सांगितलं, की भावाचा निरोप आलाय. भाऊ म्हणतो, तुला एवढं बोलायची अक्कल नाही, तुला कुणीतरी शिकवलं. कोणी शिकवलं ते सांग. आवाज पाठव, तो येत्या जुम्म्याला त्याच हॉलमध्ये त्याच मायकावर लावायचा. मग कुलूप काढतो.

त्यानं ग्लास खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"भाय, तुमचा नाव घेऊ काय?"

हट्टानं नाही, रागानंही नाही. एखाद्याच्या घरात चप्पल कुठे काढू असं विचारावं, तसं विचारलं.

मी जे उत्तर दिलं ते सगळं मला पाठ आहे, कारण त्यानंतर मी ते स्वतःला शंभरदा ऐकवलं आहे. मी म्हणालो, माझे वडील पहिल्या रांगेत बसतात, या वयात त्यांना ते सोसणार नाही. मी म्हणालो, तो आवाज हॉलमध्ये राहणार नाही, फॉरवर्ड होत होत इथे येईल, आणि या देशात मी मतं गोळा करत फिरत होतो हे कंपनीच्या कानावर गेलं तर माझा व्हिसा, मुलांची शाळा. मी म्हणालो, नाव घेऊनही भाऊ कुलूप काढेलच कशावरून? सगळी कारणं खरी होती. मी कागद करणारा माणूस, मला कारणं नीट मांडता येतात.

तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "बराबर हाय."

मग त्यानं मलाच विचारलं, काय बोलू? आणि मी ते त्याला सांगायला लागलो. माझ्या हॉलमध्ये, माझ्या सोफ्यावर, फोन मी धरला होता. पहिल्यांदा तो मध्येच अडकला. दुसऱ्यांदा बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तिसऱ्यांदा नीट झालं.

"मना कोणी शिकवलं नाय. मी माज्या अकलेनं बोललो. माजी चूक झाली. भाऊ, माफ कर. पोरींची शाळा हाय."

शेवटचं वाक्य मी सांगितलेलं नव्हतं.

तो गेल्यावर बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "त्यानं विचारलं, आणि तुम्ही नाही म्हणालात," ती म्हणाली. विचारत नव्हती, नुसतं सांगत होती. मी चिडलो. म्हटलं, तुला यातलं काय कळतं, उद्या नोकरी गेली तर तूच बोलशील. आमची मुलगी टेबलावर अभ्यास करत होती. तिनं वही मिटली नाही की वर बघितलं नाही. "बट यू टोल्ड हिम टू डू इट, अब्बू," म्हणाली. मी तिला खोलीत जायला सांगितलं.

आवाज हॉलमध्ये लावला गेला. भावानं ऐकला आणि म्हणाला, अजून लपवतोय. कुलूप निघालं नाही.

मोठ्या मुलीनं डिसेंबरात शाळा सोडली. ते मला ऊद मेथाच्या बाईनं फोनवर सांगितलं आणि फोन ठेवला. त्यानंतर आमचं बोलणं फक्त ईदच्या मेसेजपुरतं राहिलं. नळाला पाणी मात्र आलं. सरपंच झाल्यावर भाबीनं दीड वर्षं तालुक्याच्या फेऱ्या मारल्या आणि आणलं. पहिल्या दिवशी मोहल्ल्यातल्या बायकांनी नळाखाली हंडे लावून काढलेले फोटो मला आले. त्यांत गवंड्याची बायको नव्हती, ती पलीकडे होती.

मी गवंड्याला अधूनमधून बघतो. संध्याकाळी कंपनीच्या बसेस सिग्नलला उभ्या राहतात, त्यात कधी तो खिडकीशी असतो. भेटला की आधी सलाम करतो, मग माझ्या वडिलांची तब्येत विचारतो. दर वेळी न चुकता वडिलांची. टोमणा मारायचा त्याचा स्वभाव नाही. खरंच विचारतो, आणि मी खरंच सांगतो, की बरे आहेत, गुडघे दुखतात, पण अजून पहिल्या रांगेत बसतात. मुलींचं मी विचारत नाही. एकदा विचारलं होतं. धाकटी शिकताय म्हणाला, मोठीचं लग्न झालं.

आता पुन्हा निवड आली आहे. गेल्या आठवड्यात सेक्रेटरीचा फोन आला. बिचारा खूप थकलाय. म्हणाला, आखाताच्या चुली या वेळीही तुम्हीच बघा, मागच्या वेळची तुमची पद्धत फार चांगली होती, सगळं उघड, नंतर कुणाला बोट ठेवायला जागा राहिली नाही. मी सांगितलं, ऑफिसात काम वाढलंय. तो म्हणाला, बरं, मग दुसरं कुणी नाव सुचवा. मी कुणाचंच सुचवलं नाही.

त्रेचाळीस नावांची ती यादी माझ्याकडे अजून आहे, प्रत्येकासमोर खूण केलेली. हे लिहायला घेताना मी ती काढून समोर ठेवली होती आणि ठरवलं होतं, की या खेपेला सगळं नावानिशी लिहायचं. मग कुणाला त्रास नको म्हणून एकेक नाव गाळत गेलो. भाबीचं गाळलं, सेक्रेटरीचं गाळलं, त्या भावाचंही गाळलं. पण सगळ्यांत आधी, पहिल्याच ओळीत, मी माझं गाळलं होतं.